मुका लॅपटॉप

"काकू, यावर तो जुना वाचणारा प्रोग्रॅम चालणार नाही," दुकानदार म्हणाला. "ही सिस्टीमच वेगळी. हिचा स्वतःचा आवाज आहे, पण मराठी मजकूर आला की तो गप्प बसतो. काकांसाठीच घेताय ना? मग हा दुसरा घ्या. सिस्टीम जुनीच आहे. काल वापरत होते तसाच आजही वापरतील."

तिने दोन्ही लॅपटॉपांवरून हात फिरवला, कापड निवडावं तसा. नवरा घरी होता. त्याचा गुडघा सुजला होता, त्यात दुकानाचे जिने. तूच जा म्हणाला. निघताना त्याने एकच बजावलं होतं, "बाकी तुला आवडेल तो आण. सिस्टीम तेवढी बदलू नकोस."

"हाच द्या," ती म्हणाली आणि मुक्यावर बोट ठेवलं. "आणि हा आमचा घरचा जुना बदल्यात घ्या."

नवरा भाषांतरकार होता. ऐन पन्नाशीत त्याचे डोळे गेले, आणि मग ती वाचायची, तो भाषांतर सांगायचा, ती लिहून घ्यायची. तिच्या संसारातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. असं म्हणायची चोरी होती, म्हणून ती कुणाला म्हणत नसे. पुस्तक, पेपर, पत्रं, सगळं जग त्याच्याकडे तिच्या तोंडून यायचं. नको ते ती गाळायची. त्याचा जिवलग मित्र गेल्याची बातमी तिने महिनाभर वाचलीच नाही. उगाच जिवाला घोर कशाला?

मग कुणीतरी त्याला वाचणारा प्रोग्रॅम दिला आणि तो हट्टाने शिकला. "तुझ्या घशाला किती ताण द्यायचा मी?" असं तो तेव्हा म्हणाला होता. तिला भरून आलं होतं. पण त्या मेल्या आवाजाने बघता बघता तिची खुर्चीच बळकावली. कानाला हेडफोन, दार लोटलेलं. कधी आतून एकट्याचंच हसू यायचं. ती धावत जाऊन विचारायची, "काय झालं हो?" तो म्हणायचा, "काही नाही." शेजारणींना ती त्या आवाजाची ओळख "माझी सवत" अशी करून द्यायची. त्या खो खो हसायच्या. तिला हसू येत नसे.

"ती सिस्टीम आता मिळतच नाही म्हणे," घरी आल्यावर तिने सांगितलं. "कंपनीनेच गुंडाळली. आता सगळीकडे हीच." खोटं बोलताना चेहरा सांभाळावा लागत नाही, ही अशा नवऱ्याची एक सोय होती.

त्याने खूप झटापट केली. सवयीच्या कळा दाबून पाहिल्या. यंत्र परक्या भाषेत काहीबाही पुटपुटे, आणि अर्ध्यावर राहिलेलं त्याचं कादंबरीचं भाषांतर उघडलं की चिडीचूप. ती दारात हात पुसत उभी राहून बघायची. त्याची बोटं कळांवरून चाचपडताना दिसली की ती पुन्हा ओट्याकडे वळायची. अखेर एका सकाळी झाकण मिटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हाक.

"अगं, जरा वाचून दाखवतेस का?"

तिचा जीव भांड्यात पडला. तिने खुर्ची पूर्वीच्या जागी सरकवली, पाण्याचा तांब्या जवळ घेतला आणि घसा साफ केला. त्या दिवसापासून ती पुन्हा वाचू लागली. तो सांगेल ते लिहू लागली, आणि एखादा शब्द फार उघडावाघडा वाटला तर बदलूही लागली. तो हूं की चूं करत नसे. तिच्या चेहऱ्यावर तजेला आला. फोनवर ती बहिणीला म्हणाली, "काय सांगू तुला, माझ्यावाचून पान हलत नाही बघ इथे."

एका दुपारी ती बाजारातून आली, पिशवी ठेवली आणि पाणीही न पिता खुर्चीत बसली. पान उघडलं.

"दुकानातून फोन आला होता," तो म्हणाला. "लॅपटॉप कसा चाललाय, विचारत होता. भला माणूस. काकूंना सगळं नीट समजावलं होतं म्हणाला."

तिने पुस्तक मिटलं. मग कोंडलेलं सगळं एकदमच बाहेर आलं.

"हो, मुद्दाम केलं! काय करणार होते मी? त्या खोलीत मला जागाच उरली नव्हती. मी दारात उभी आहे हेसुद्धा तुम्हाला कळायचं नाही. तुम्हाला माझी गरज लागावी एवढंच हवं होतं हो मला. रागवा, वाट्टेल ते बोला. पण मी जीव ओतून वाचलं की नाही, ते सांगा."

तो रागावला नाही. त्याने तिचा हात शोधला आणि हलकेच थोपटला. त्या स्पर्शाने तिला रडू फुटलं. माफ केलं, तिच्या मनात आलं. इतक्या वर्षांचा संसार आहे, माफ करणारच.

"वाचलंस ना," तो म्हणाला. "पूर्वीही अस्संच वाचायचीस. तुझ्या घशाची काळजी मला कधीच नव्हती गं. तुझा आवाज सोसवेना, म्हणून तो प्रोग्रॅम शिकलो. दुसरा लॅपटॉप उद्या येतोय. आजचं पान तेवढं संपव."