रविवारची सोबत

सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी श्यामकांत एकटेच वाजवत राहिले. त्यांच्या मुलाने, यतीनने, पत्त्याला हात न लावता वर्ष काढलं होतं.

जुगार सोडू पाहणाऱ्यांचा हा गट दर रविवारी सकाळी फरीदाबादला जमायचा. मयूर विहारहून मेट्रो बदलत बापलेक तिथे यायचे. श्यामकांत फक्त सोबतीला. आपल्याला असलं काही नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून टाकलं होतं. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, सुट्टीत चार डाव टाकले म्हणून जुगारी होतो का? ते चार डाव कधीकधी शनिवारी सुरू होऊन सोमवारी संपायचे, एवढंच.

यतीन मोजकंच बोलायचा. गट चालवणाऱ्या अनुरागजींनी कुठल्या खेळाने बुडवलं असं विचारलं, की मान खाली घालायचा. सगळे समजून घ्यायचे. पहिल्या दिवशी मात्र तो म्हणाला होता, की घरात पत्ते होते आणि सुरुवात बाबांच्या मांडीवरच झाली.

ते ऐकून श्यामकांत हादरले. खाण तशी माती, दुसरं काय? चार वर्षांच्या यतीनच्या हातून ते शकुनाचा पत्ता उचलून घ्यायचे. हेमलता पोराला उचलून आत न्यायची. पुढची वीस वर्षं तिने नवऱ्याला विनवण्या केल्या, त्या वाऱ्यावर गेल्या. पण बायकोसाठी जमलं नाही ते त्यांनी त्या दिवशी मुलासाठी केलं. घरातले सगळे पत्ते कचऱ्यात गेले. पोरगा खेळत नाही तोवर बापही खेळणार नाही, असं ठरलं.

वर्षपूर्तीच्या त्या टाळ्यांनंतर पुढच्याच आठवड्यात दिवाळी आली आणि खरी परीक्षा झाली. दिल्लीत दिवाळीला पत्ते न खेळणाऱ्या माणसाला आजारी समजतात. भर दुपारी शेजारचे भाटियाजी दारात हजर. खाली हॉलमध्ये सगळी सोसायटी जमली होती, शगुन म्हणून एकच डाव टाका, असा त्यांचा आग्रह.

श्यामकांतचे हात शिवशिवले. एक पाय चपलेत गेलासुद्धा. मग त्यांनी यतीनकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

"नहीं भाईसाहब. बेटे का सवाल है."

दार लावून ते वळले. "तुझा जीव ओढला का रे?"

"ओढला, बाबा. पण तुम्ही होतात ना."

श्यामकांतना भरून आलं. आपण बिघडवलेलं पोर आपणच सावरलं, या आनंदात ते गुणगुणत बाल्कनीत आकाशकंदील लावायला गेले.

यतीन स्वयंपाकघरात आला. हेमलताने त्याच्यापुढे करंज्यांची ताटली ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "रविवारी नव्या लोकांना मला माझा अनुभव सांगायचाय. आता तरी नीट शिकव यार, एक्का मोठा की राजा?"