कालचा भाव

"हे तांबं मला एक दिवस बुडवणार!" थोरले फोनवर कडाडले.

"तांबं तुमचंच आहे ना, साहेब?" बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बसणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या.

तक्रार खरी होती. यंदा बंदरातून बोटीमागून बोट तांबं घेऊन सुटत होती. बदल्यात डॉलर येत होते आणि ते विकून देशी चलन घ्यायला सगळेच धावत होते. त्यामुळे देशी चलन वधारलं, डॉलर घसरला. म्हणजे थोरल्यांचा माल जितका जोरात खपे, तितके त्यांच्या डॉलरचे इथे कमी पैसे होत. आपल्याच यशाने इतका वैतागलेला माणूस बाईंनी दुसरा पाहिला नव्हता.

थोरल्यांचा धाकटा भाऊ मात्र भलताच खुशीत होता. धाकटे परदेशातून लेथ मशीन आणत. त्यांना डॉलर विकत घ्यावे लागत, तेव्हा डॉलर पडला की स्वारी हवेत. एका आईची दोन मुलं. धंद्याची वाटणी झाली त्या दिवसापासून सात वर्षं अबोला. खाती मात्र एकाच बँकेत, एकाच टेबलावर. एकाचा शब्द दुसऱ्याला सांगायचा नाही हा नियम, आणि बाईंचं पोट त्या गुपितांनी फुगलेलं.

आज थोरल्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "सगळे डॉलर आज विकायचेच आहेत. पण या भावात दुसरी भट्टी विझवावी लागेल. साठ माणसं घरी बसतील, बाई. त्यांना काय तोंड दाखवू?"

बाईंनी पाच ठिकाणी विचारलं. जो तो विकणाराच, घेणारा औषधालाही सापडेना. दुपारपर्यंत भाव आणखी उतरला. बाईंनाच डबा गोड लागेना.

मग धाकट्यांचा फोन आला. "डॉलर हवेत. मिळतील तेवढे. कालच्या भावाने."

"कालच्या? अहो, आज कितीतरी स्वस्त आहेत!"

"कालच्याच. आणि मधला फरक बँकेने ठेवायचा नाही. विकणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे."

"साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"तांब्याची मोठी बोट परवा सुटली. आज कोण विकायला येणार, हे कळायला बँकेत बसावं लागत नाही," धाकटे म्हणाले. "फक्त माझं नाव घेऊ नका. घेतलंत तर दादा विकायचा नाही. महाहट्टी आहे."

बाईंनी दोन्ही सौदे नोंदवले. थोरल्यांना फोन लावून त्या म्हणाल्या, "विकले, साहेब. सगळे. कालच्या भावाने. भट्टी विझवू नका."

"घेतले कोणी?"

"नाव सांगता येत नाही. नियम आहे."

"तुम्ही नियम पाळा." थोरले म्हणाले. "आज कालच्या भावाने डॉलर घेणारा वेडा या गावात एकच जन्मलाय. त्याला म्हणावं, वहिनीने रविवारी जेवायला बोलावलंय. आणि यायचं नसेल, तर तसं घरी येऊन सांग."