आतून पाहिलेला घुमट

काशीराम गवंड्याने सगळ्यांना मशिदीबाहेर काढलं आणि हातोडा घेऊन स्वतः नव्या घुमटाखाली मांडी घालून बसला. गवंड्यांची रीतच तशी. घुमटाला ज्याने टेकू दिले, त्यानेच खाली बसून त्यांच्या पाचरी काढायच्या. पडला तर त्याच्यावर पडावा.

बाहेर साठेक माणसं. सगळ्यांचे डोळे काशीरामवर. गुलाम रसूलचे तेवढे स्वतःच्या पायांवर.

घुमट मुळात त्याच्याच तोंडून निघाला होता. जहाजावर खलाशी असताना त्याने इस्तंबूलला सुलतान सुलेमानाची मशीद बघितली. चारशे वर्षांची, चार मिनारांची, आणि "आत एक खांब नाय, सगळा घुमट वाऱ्यावर!" मांडवीच्या बंदरावर ही गोष्ट त्याने तीनशे वेळा तरी सांगितली असेल. दर वर्षी घुमट हातभर उंच होई. मिनार मात्र चारच राहिले, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. शेवटी जमातीच्या गनीशेठनी ठरवलं, आपलाही तसाच बांधायचा. बिनखांबी.

परवा मुंबईहून आलेल्या एका मासिकात गुलाम रसूलला त्या मशिदीचा आतला फोटो दिसला. तेव्हापासून ते पान कुणाला न दाखवता सदऱ्याच्या खिशात होतं.

आत हातोडा वाजला. एक टेकू गेला. दुसरा गेला. तिसरा गेला तसा गुलाम रसूल आत धावला.

"काशीराम, बाहेर चल." त्याने पान पुढे धरलं. फोटोत हत्तीच्या पायांसारखे चार खांब होते. "मी आत गेलोच नव्हतो रे. जहाजावरनं बघितली. कप्तानानं उतरूच दिलं नाय."

काशीरामने पान बघितलं. मग वर चिऱ्यांकडे बघितलं.

"उंची मी तुम्ही सांगितली त्याच्या अर्धीच धरली होती, रसूलभाय. पण खांबांचं खरं मानलं."

"मग आता?"

"आता काय! एकच टेकू उरलाय. बाकीचे परत लावायला गेलो तर धक्क्यानंच खाली येईल." तो जरा सरकला. "बसा. रीत आता दोघांची."

गुलाम रसूलच्या लक्षात आलं, पायांत वहाणा तशाच होत्या. तो त्या दाराबाहेर ठेवून यायला गेला. परत यायला त्याला वेळ लागला. पण आला.

काशीरामने शेवटची पाचर उडवली. टेकू आडवा झाला. वर कुठेतरी करकरलं. चुन्याची भुकटी दोघांच्या डोक्यांवर पडली, आणि मग काहीच पडलं नाही.

"काय रसूलभाय," गनीशेठ बाहेरून ओरडले, "हाय ना इस्तंबूलसारखाच?"

गुलाम रसूल मान वर करून बसला होता.

"ठाऊक नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तो मी आतून बघितलेला नाय. हा बघतोय."