नाव घे

उद्या नेरूळच्या कॉफी शॉपमध्ये जमुनाचा इंटरव्ह्यू होता. तिला ही नोकरी हवीच होती. नवऱ्याचं, म्हणजे जयदेवचं मत मात्र विरुद्ध बाजूला जमा होतं. तरी लेकीने, दिशाने, घरीच सराव मांडला आणि गिऱ्हाईक म्हणून बाबांनाच खुर्चीत बसवलं. तो पेपर तोंडासमोर धरून बसला.

"आई, कॉफी झाली की गिऱ्हाइकाचं नाव मोठ्याने पुकारायचं. चल."

जमुनाने कप उचलला. "अहो, तुमची कॉफी."

"नापास! तिकडे काय सगळ्यांना अहो म्हणणार?"

"अगो, सारसोळे गावच्या सुनेनं नवऱ्याचं नाव असं उघडं घ्यावं? उखान्यात घेते."

"मागे लाईन लागलेली असते, आई. नुसतं नाव."

जमुनाने डोळे मिटले. "जयदेव! कॉफी!"

पेपर थरथरला. "आयकू नाय आला."

तिने आवाज चढवला. पेपरामागून पुन्हा तेच. चौथ्या हाकेला शेजारीण खिडकीत आली.

"बाबा, आईने नोकरी करू नये म्हणून मुद्दाम करताय ना?" दिशाने पेपर खाली ओढला.

पेपरामागे जयदेव हळदीच्या नवऱ्यासारखा लाजत होता.

"जाऊ दे तिला कामाला," तो पुटपुटला. "फक्त तिथं दुसरा कोनी जयदेव आला, तर त्याच्या नावाला भाऊ लावायला सांग."