पाठीमागचे चिमटे

कासाब्लांकात पुरुषांच्या कपड्यांचं मासिक आम्ही दोघीच चालवतो. बुशरा फोटो काढते, कपडे मी बघते. मुखपृष्ठासाठी माझ्या भावालाच, झुहैरला, उभं केलं. दुकानातून मागून आणलेलं जाकीट ढगळ निघालं, म्हणून मी पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून चापून बसवलं. फोटो झाले आणि गडी तस्साच त्याच्या आवडत्या मुलीला मागणी घालायला तिच्या घरी पळाला. “अगं, चिमटे!” बुशरा किंचाळली. तो फोन उचलेना. गच्चीवर आमच्या येरझाऱ्या. “सासऱ्याकडे पाठ फिरवली की संपलं!” बुशरा म्हणाली. “गप गं, जिभेला काही हाड तुझ्या?” ऊन उतरताना झुहैर परतला. “काय म्हणाले?” त्यानं हसून चिमटे पुढे केले. मी त्याला वळवलं. चिमट्यांच्या जागी बारीक टाके होते. “तिनंच घातले, वडिलांसमोर.” जाकीट उद्या परत द्यायचं होतं. टाके उसवायला बुशरानं कात्री उचलली. मी तिच्या हातात कॅमेरा दिला.