भुरीबाईचा चुडा

ही गोष्ट १९३४ सालच्या चैत्रातली. मंगरूळपीरपासून दोन कोसांवरच्या एका पोलीस ठाण्यात भुरीबाई नावाची बंजारीण कोठडीत होती आणि दाराशी गोजराबाई माळीण बसलेली होती. ठाण्यात बाई शिपाई कुठून असणार? बाईमाणूस धरून आणलं की मागच्या मळ्यातून गोजराबाईला बोलावणं यायचं. ती विधवा, एकटीच. तिच्या वाफ्यांना पाणी ठाण्याच्याच विहिरीचं. नाही म्हणायची सोय नव्हती.

कोठडी चार हात रुंद. एक मडकं पिण्याचं, एक दुसऱ्या कामाचं, दोन्ही एकाच कोपऱ्यात. घोंगडीत उवा. भाकरी दाताखाली करकरायची. गोजराबाई मळ्यातला कांदा गजांतून आत सरकवायची.

देशमुखाची बैलजोडी हरवली होती. बैल कुणाचेही हरवोत, पोलीस आधी तांड्यावर जात. भुरीबाईचा नवरा हेमला शेजारच्या खोलीत होता. तो कबूल होईना म्हणून बायकोलाही आणलं होतं. त्याला मारताना दार लावून घेत, पण भिंत काही जाड नव्हती. मारून झालं की भुरीबाई आपला चुडा भिंतीवर दोनदा वाजवायची. कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या हाडाच्या बांगड्या, लग्नात चढवलेल्या. मग पलीकडून दोन ठोके यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठोके आले नाहीत. तिनं पुन्हा वाजवला, थोडं थांबून आणखी एकदा. मग ती भिंतीला पाठ लावून बसली.

गोजराबाई जेवून मळ्यातून परत आली, तेव्हा उदयसिंग जमादार कोठडीपुढे उभा होता. हेमलाला परसाकडे नेलं असता तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला, असं त्यानं सांगितलं. उद्या सकाळी बाईला तहसीलदारसाहेबांपुढे न्यायचं, फरारी माणसाची बायको म्हणून.

मागच्या भिंतीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गोजराबाईचेच वाफे होते. सकाळीच पाणी सोडलेलं. ती आत्ता तिथूनच आली होती. त्या चिखलात कोंबडीचंही पाऊल नव्हतं.

जमादार गेल्यावर भुरीबाई गजांशी आली.

"माय, माहा चुडा उतरवून दे."

"पळाला म्हनते ना जमादार."

"काल तू त्याले पाणी पाजलं. त्याचे तळपाय पाह्यले ना तू?"

पाहिले होते. त्यावर कुणी उभंही राहू शकलं नसतं.

नवऱ्यामागं चुडा आपल्या हातानं उतरवायचा नाही, दुसऱ्या विधवेनं उतरवायचा, अशी तिच्या तांड्याची रीत होती. तांडा आठ कोस लांब. इथे विधवा एकच होती.

जमादारालाही ही रीत ठाऊक असावी. दिवस कलताना तो मुद्दाम परत आला.

"गोजरे, हिचा चुडा हातातच राह्यला पाह्यजे. भरल्या हातानं उभी राहीन ती साहेबापुढं. नाई तं उद्यापासून विहिरीवर पाय ठेवू नको."

वांगी नुकती फुलावर आली होती. चैत्राच्या उन्हात चार दिवस पाणी नसलं की संपलंच. गोजराबाईनं ते भुरीबाईला सांगून पाहिलं. चुडा काय, तांड्यावर गेल्यावर उतरवता येईल, असंही म्हणाली.

"तवर उशीर होईन, माय. मंग तो कागदावर जलमभर पळतच राहीन. त्याची माती बी भेटनार नाई मले."

गोजराबाई उठली, मळ्यात गेली आणि वाटीत करडीचं तेल घेऊन आली. भुरीबाईनं गजांतून हात बाहेर काढले. लग्नातला हात कोवळा होता, आता कामानं राकट झालेला. एकेक बांगडी मनगटाशी येऊन अडायची. दोघींपैकी कुणी रडलं नाही. रडल्या असत्या तर शिपाई आला असता.

सकाळी भुरीबाई अंगभर ओढणी घेऊन तहसीलदारांपुढे उभी राहिली. कारकून वाचू लागला, फरारी हेमला याची बायको. तिनं ओढणी मागे टाकली. उन्हानं काळवंडलेले हात, आणि वर जिथे चुडा होता तिथली कातडी पांढरी फटक. तहसीलदारांनी कारकुनाला हातानं थांबवलं.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून, साहेब."

जमादार म्हणाला की ही सगळी सोंगं आहेत. चुडा कुणी उतरवला, असं तहसीलदारांनी विचारलं. गोजराबाई दाराशी होती, ती पुढे आली.

"म्या उतरवला. भितीखालचे वाफे माहेच हायेत, साहेब. तिथं कोनी उडी मारली असन तं एक पाऊल दाखवा म्हना याले."

तहसीलदारांनी ठाण्यावर जायला छकडा जुंपायला सांगितला.

हेमला ठाण्याच्या आवारात कडब्याच्या गंजीखाली सापडला. डॉक्टरनं लिहिलं की त्याची छाती मुळातच कमजोर होती. भुरीबाईला त्याच दिवशी सोडलं. ती त्याला छकड्यात घालून तांड्यावर घेऊन गेली. पुढे पुष्कळ वर्षं ती शेळ्या राखून जगली. देशमुखाची बैलजोडी महिन्याभरानं त्याच्याच जावयाच्या गोठ्यात निघाली. तो न विचारता पेरणीच्या तयारीला घेऊन गेला होता. उदयसिंग जमादाराची बदली झाली, आणि तिकडे त्याला बढती मिळाली. गोजराबाईचे वाफे वैशाख लागायच्या आत वाळले. मग ती मंगरूळच्या बाजारात दुसऱ्यांची भाजी विकत असे.

ठाण्यात त्यानंतर एकच फरक पडला. कैदिणीपाशी बसायला एखादी बाई बोलावली की शिपाई आधी विचारून घेई, "बाई, नवरा हाये ना तुमचा?"