नवा कंगवा

केमोचा शेवटचा डोस झाला तसा आईनं नवा कंगवा आणून माझ्या उशाशी ठेवला. "केस आले की आधी मीच विंचरणार," म्हणाली. गाठ होती अंडाशयात, पण औषधानं आधी डोकंच साफ केलं होतं. पुढे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले आणि माझं पोट वाढायला लागलं, तर घरात सगळे खूश. "पोरीनं अंग धरलं हो," काकू म्हणाली. आई रोज दोन घास जास्त भरवायची आणि माझ्या कपड्यांच्या शिवणी उसवून सैल करायची. "पोट दुखतंय," म्हटलं की, "रिपोर्ट चांगलेत ना? उगाच अभद्र बोलू नकोस." शेवटी पोटात अन्न ठरेना, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कॅन्सर मेलाय. पण गाठीतला जो साधा भाग उरला होता त्याला औषध लागू पडत नाही, तो वाढत राहिला. कापूनच काढावा लागेल." लवकर आणलं असतं तर दुसरं अंडाशय तरी वाचलं असतं, हेही बोलल्या, आईकडे न बघता. ऑपरेशननंतर आईनं त्यांना विचारलं, "एवढं होतं तरी काय त्यात?" "अशा गाठींत असतं तेच. कातडी, चरबी, केस." "केस?" "हो, चांगले वीतभर." आईनं माझ्या डोक्यावरच्या विरळ लवेकडे पाहिलं, मग पोटावरच्या पट्टीकडे. तिनं दवाखान्यातही आणलेला तो कंगवा मी उशाखालून काढला आणि तिच्या हातात ठेवला. "घे. विंचर."